आर्वो पॅर्टच्या दोन तबकड्या: षड्जात मुरलेल्या कानांसाठी

आर्वो पॅर्ट हा एस्टोनियाचा रचनाकार ऐकायचा आहे, कुठून सुरुवात करू, असं बेळगावात कुणी विचारलं तर दोनच तबकड्या सांगाव्यात. १९८४ ची 'टाब्युला रासा' आणि १९९९ ची 'अलिना'. दोन्ही ईसीएम या जर्मन कंपनीच्या. पहिली घ्याच. दुसरी पहिली अंगात मुरल्यावर घ्या. आणि पहिली लावताना तिच्यावरचा क्रम पाळू नका. दुसऱ्या क्रमांकावरची पाच मिनिटांची रचना आधी ऐका. तिच्यात या माणसाचं सगळं व्याकरण उघडं पडलेलं आहे, आणि ते समजायला पाश्चात्त्य संगीत शिकलेलं असण्याची गरज नाही. पलटे, म्हणजे स्वरांचे ठरावीक क्रमाचे सराव, घोटलेले असले की पुरे.

पॅर्ट यांचा जन्म ११ सप्टेंबर १९३५ चा, एस्टोनियातल्या पाइडे गावातला. शिक्षण टॅलिनच्या संगीत विद्यालयात, सुरुवातीची नोकरी रेडिओवर ध्वनिमुद्रणाची. १९६८ च्या 'क्रेडो' या रचनेवरून सोव्हिएत सत्तेशी वाजलं आणि त्यानंतर आठेक वर्षं त्यांनी जवळजवळ काहीच लिहिलं नाही. मध्ये १९७१ ची तिसरी सिंफनी तेवढी आली. बाकीचा काळ ते जुनं चर्चगायन एकेका स्वरावर थांबून तपासत होते. १९७६ मध्ये जे बाहेर पडलं ते आधीच्यापेक्षा पार वेगळं होतं. आपल्याकडच्या वाचकाला इथे सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व आठवल्याशिवाय राहणार नाहीत. देवासच्या आजारपणात गाणं बंद असताना माळव्याच्या धुना कानात साठवत राहिले, आणि पुन्हा गायला लागले तेव्हा गाणंच बदललेलं होतं. दोघांच्या संगीताची तुलना करण्यात अर्थ नाही. मात्र गप्प बसण्यातून रचना कशी तयार होते हे ज्यांना कुमारांमुळे ठाऊक आहे, त्यांना पॅर्ट परका वाटायचं कारण नाही.

त्यांच्या पद्धतीचं नाव टिंटिनाबुली, म्हणजे लॅटिनमध्ये लहान घंटा. नियम दोन. एक आवाज सप्तकात पायरी-पायरीने चालतो, उड्या मारत नाही. दुसरा आवाज घर सोडत नाही: सा, ग आणि प, एवढेच तीन स्वर. पहिला जिथे असेल त्याच्या सर्वांत जवळचा, वरचा किंवा खालचा, घरातला स्वर दुसऱ्याने घ्यायचा. वरचा की खालचा हे आधी ठरलेलं असतं, मनाला येईल तसं नाही.

पेटी समोर असेल तर आत्ताच करून बघा. पांढरी सहाचा, म्हणजे सप्तकातल्या सहाव्या पांढऱ्या पट्टीचा, सा धरा; गांधार, धैवत, निषाद कोमल. उजव्या हाताने तार षड्जापासून सावकाश अवरोह करा आणि प्रत्येक स्वराच्या खालचा जवळचा घरचा स्वर सोबत दाबा. सां, नि, ध या तिघांखाली पंचम येतो. प आणि म यांच्याखाली कोमल गांधार. ग आणि रे यांच्याखाली सा. शेवटच्या सा-खाली मंद्र पंचम. आता कोमल धैवतावर थांबा. त्याच्याखालचा पंचम अर्ध्या स्वराच्या अंतरावर आहे, म्हणून तिथे घासल्यासारखं होतं. पुढच्या पायरीला, प आणि ग एकत्र आले की, ते घासणं विरतं. पॅर्टच्या संगीतातला सगळा ताण असा तयार होतो. तो कुणी भावनेने ओतलेला नसतो. चालणारा आणि घरात बसलेला जवळ आले की तो आपोआप उभा राहतो.

हेच पाच मिनिटांच्या 'कांटुस'मध्ये आहे. पूर्ण नाव 'कांटुस इन मेमोरियम बेंजामिन ब्रिटन'. इंग्लिश रचनाकार ब्रिटन ४ डिसेंबर १९७६ ला गेले, ही त्यांच्या स्मरणार्थ १९७७ ची रचना. वाद्यं म्हणजे तंतुवाद्यांचा ताफा आणि एक घंटा, षड्जाची. स्वर वर पेटीवर घेतले तेच. चाल म्हणाल तर पहिल्या महिन्यात शिकवतात तो पलटा: सां, मग सां नि, मग सां नि ध, मग सां नि ध प, असं दर वेळी एक स्वर वाढवत खाली. लांब-आखूड, लांब-आखूड अशा लयीत. एवढाच ऐवज. पण हा पलटा पाच थर एकाच वेळी वाजवतात आणि प्रत्येक खालचा थर वरच्याच्या निम्म्या लयीत चालतो. पहिली व्हायोलिन्स जिथे सोळापट, तिथे तळाचे डबल बेस ठाय, म्हणजे मूळ संथ लयीत. मधले तीन थर दुगुन, चौगुन, आठपट. लयकारी अंगात असलेल्या माणसाला याचा नकाशा दुसऱ्याच ऐकण्यात दिसतो. तो दिसला नाही तर सगळं ढगासारखं एकत्र मिसळून येतं आणि "छान, शांत आहे" एवढंच म्हणून माणूस उठतो. म्हणून पहिल्यांदा फक्त सर्वांत वरचा थर धरा. दुसऱ्यांदा फक्त तळाचा, तो किती थोडे स्वर बदलतो ते मोजा. तिसऱ्यांदा दोन्ही.

शेवट नीट ऐका. प्रत्येक थर आपापल्या शेवटच्या स्वरावर पोचला की तिथेच धरून राहतो, दुसऱ्यांची वाट बघतो. सगळे पोचल्यावर मोठा आवाज टिकतो आणि झटक्यात थांबतो. तेव्हा कळतं की घंटा वाजते आहे. तिचा शेवटचा ठोका इतका हलका, तंतुवाद्यांच्या आवाजाखाली असा दिलेला असतो की पडताना ऐकूच येत नाही. उरते फक्त घुमणारी घंटा, आणि तिच्या घुमण्यात शुद्ध गांधार असतो. पाच मिनिटं कोमल गांधारात काढल्यावर शुद्ध गांधार, आणि तो कुणीच वाजवलेला नाही. तंबोऱ्याच्या खर्जातून गांधार आपोआप ऐकू येतो त्यामागेही हेच कारण: षड्जाचा पाचवा उपस्वर म्हणजे दोन सप्तकं वरचा शुद्ध गांधार. मिरजेचा तंबोरा जवारी लावून ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या भागात हा क्षण समजावून सांगायची गरज पडू नये.

या ध्वनिमुद्रणात स्टुटगार्टचा वाद्यवृंद आहे, संचालन डेनिस रसेल डेव्हिस यांचं. इतरांनी हीच रचना सहा मिनिटांच्या पुढेही नेलेली आहे. संथ केली की वरच्या थरातली लांब-आखूड चाल निसटते आणि पलटा ओळखू येत नाही. त्यामुळे हीच गती बरी.

पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकावर एकच रचना दोनदा आहे: 'फ्रात्रेस', म्हणजे बंधू. मूळ १९७७ ची, अमुकच वाद्यं हवीत असं बंधन नसलेली. पहिल्या वेळी गिडॉन क्रेमर यांचं व्हायोलिन आणि कीथ जॅरेट यांचा पियानो, तिसऱ्या क्रमांकावर बर्लिन फिलहार्मोनिकचे बारा चेलो. दोन्ही साधारण साडेअकरा-बारा मिनिटांच्या. बहुतेक परीक्षणांत पहिलीचं कौतुक असतं, आणि क्रेमर यांची सुरुवातीची एकट्याची धाव खरोखरच अंगावर येते. तरी आधी चेलो ऐका, कारण तिथे तळाशी सा आणि प अखंड धरलेले आहेत. हा तंबोरा मिळाला की बाकीचं सहज उलगडतं.

चालणाऱ्या आवाजांचे स्वर त्या सा-वरून मोजले तर येतात: सा, कोमल रे, शुद्ध ग, म, प, कोमल ध, कोमल नि. म्हणजे वसंत मुखारी रागाचं सप्तक, आणि धारवाडच्या पलीकडे कर्नाटक पद्धतीत ज्याला वकुळाभरणम् म्हणतात ते. राग नव्हे, चलन नाही, वादी-संवादी नाही. आणि एक गोष्ट वसंत मुखारी गाणाऱ्याला नक्की खटकेल: घरात बसलेल्या आवाजाचा गांधार कोमल आहे. शुद्ध गांधार आणि कोमल गांधार पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात. सुरुवातीला ते बेसूर वाटतं. ती चूक नाही, रचनेचा पायाच तो आहे.

मात्रा मोजायची असेल तर प्रत्येक वाक्य सात, नऊ, अकरा आणि पुन्हा सात, नऊ, अकरा असं येतं. सात मात्रांत चार स्वर: पहिला दोन मात्रांचा, मधले दोन एकेक मात्रेचे, शेवटचा तीन मात्रांचा. नऊत मधले चार होतात, अकरात सहा. टोकं तशीच, पोट वाढतं. एकूण ५४ मात्रा झाल्या की बोटांनी ठोकल्यासारखा एक छोटा तुकडा येतो आणि पुढचं वाक्य आधीच्यापेक्षा खालून सुरू होतं. असं नऊ वेळा. आवर्तनाची सवय असलेला माणूस इथे सम शोधत बसतो आणि चुकतो, कारण एकाच मापाचं आवर्तन फिरत नाही. समेऐवजी त्या ठोक्यांच्या तुकड्यावर टाळी द्या.

तबकडीला जिचं नाव आहे ती शेवटची रचना साडेसव्वीस मिनिटांची. दोन व्हायोलिन, तंतुवाद्यांचा ताफा आणि तारांत स्क्रू अडकवून आवाज बदललेला पियानो. पहिलं सादरीकरण सप्टेंबर १९७७ मध्ये टॅलिनला झालं. इथलं ध्वनिमुद्रण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधल्या बॉनच्या मैफलीचं, क्रेमर आणि तात्याना ग्रिन्देन्को यांची व्हायोलिन्स, पियानोवर रचनाकार आल्फ्रेड श्निट्के. मैफलीतलं असल्याने बाकीच्या तबकडीपेक्षा आवाज थोडा जाड आणि दूरचा आहे. ज्यांना स्वच्छ आवाज हवा त्यांना हे जाणवेल. आमच्या मते वादनाचा ताण इतका खरा आहे की हा दोष पत्करावा.

पहिला भाग 'लुडुस'. दोन्ही व्हायोलिन्स एकाच स्वरावर, एक अगदी वर, एक अगदी खाली, जोरात सुरू होतात आणि मग लांब शांतता. पुढे दर वेळी वाजवणं वाढतं आणि शांतता आखडत जाते. दुसरा भाग 'सिलेंटियुम' याच्या उलट. सगळं थंडावतं, मधूनमधून तो स्क्रू घातलेला पियानो घंटेसारखा झंकारतो. शेवटी एकटा डबल बेस अवरोह करत खाली येतो: कोमल ग, रे, आणि पुढे काही नाही. षड्ज लिहिलेलाच नाही. त्याच्या जागी चार मापं (लिखित संगीतातले रेघांनी पाडलेले भाग) शांतता लिहिलेली आहे. आयुष्यभर प्रत्येक तान सा-वर आणून सोडलेल्या कानाला हा सा आतून ऐकू येतो. ज्याला सा-ची ओढ नाही त्याला इथे रचना नुसती संपल्यासारखी वाटेल. आपल्या भागातल्या श्रोत्याला ती संपत नाही.

आणि नेमकी हीच जागा मोबाइल घालवतो. रचना संपली की ॲप स्वतःहून पुढचं काहीतरी लावतं, किंवा मोफत वापरात जाहिरात सुरू होते. म्हणून आधी चार गोष्टी करा. ऑटोप्ले बंद. शफल बंद. एक गाणं दुसऱ्यात मिसळणारा क्रॉसफेड बंद. आवाज सपाट करणारी व्हॉल्यूम समान राखण्याची सोय बंद. ब्लूटूथ स्पीकर शक्यतो नकोच. अनेक स्पीकर आवाज अगदी हलका झाला की वीज वाचवायला झोपतात, आणि पुन्हा जागे होताना पहिला अर्धा सेकंद खातात. 'कांटुस'ची शेवटची घंटा आणि 'सिलेंटियुम'चा शेवट यांत जातो. तारेचा साधा हेडफोन यापेक्षा कितीतरी चांगला. ईसीएमचा संग्रह २०१७ पासून स्ट्रीमिंगवर आहे, त्यामुळे सीडी मागवण्याआधी ऐकून बघता येतं.

आवाज किती ठेवायचा हे सुरुवातीवरून ठरवू नका. 'कांटुस'ची सुरुवात जवळजवळ न ऐकू येणारी आहे. ती ऐकू यावी म्हणून आवाज वाढवला की शेवटी कान दुखतात. 'लुडुस'चा पहिला स्वर आधी लावा, तो जेवढा सहन होतो तेवढ्यावर ठेवा आणि मग पहिल्यापासून ऐका. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, बेळगाव-खानापूरकडे पत्र्याखाली बसून ही तबकडी ऐकणं फुकट आहे. आधीच हलका आवाज, त्यावर पत्र्याचा मारा, म्हणजे अर्ध्याअधिक रचना बुडते. पावसाळ्यात ऐकायचीच तर स्लॅबच्या घरात, आतल्या खोलीत. एरवी पहाटे, रस्त्यावर दुधाच्या गाड्या सुरू व्हायच्या आधी.

तंबोऱ्याचं ॲप सोबत लावायचा मोह होईल. 'फ्रात्रेस'वर एकदा लावून बघा, पांढरी सहा, सा-प. ध्वनिमुद्रणाशी जुळायला काही सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) इकडेतिकडे करावं लागेल. पण थोड्याच वेळात बंद करा. समान विभागणीच्या पियानोचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातल्या स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, त्यामुळे दोन्ही एकत्र आले की आवाजात लाटा उठतात. तंबोऱ्यातला गांधार 'कांटुस'च्या कोमल गांधारावर तर सतत घासत राहतो, आणि शेवटी घंटेतून येणारा शुद्ध गांधार आधीच उष्टा होतो.

'अलिना'बद्दल थोडक्यात. तिच्यात दोनच रचना, पाच तुकड्यांत: 'श्पीगेल इम श्पीगेल' तीनदा आणि 'फ्युर अलिना' दोनदा. पहिली १९७८ ची. पियानो सतत तीन स्वर उलगडत राहतो, व्हायोलिन किंवा चेलो लांब स्वर धरतो. पांढरी चारचा सा मानला तर वाक्यं अशी: रे ग, मग म ग, मग सा रे ग, मग प म ग. एकदा खालून, एकदा वरून, दर वेळी एक स्वर लांबून, आणि प्रत्येक वेळी न्यास, म्हणजे थांबणं, गांधारावर. हे कळल्यावर तीनदा ऐकणं जड जातं. सलग ऐकू नका. चेलोवालं ठेवा, खालच्या सप्तकामुळे तिथे पियानोशी टक्कर कमी होते.

'फ्युर अलिना' ही १९७६ ची, जिथून हे सगळं सुरू झालं ती. कागदावर दोनच पानं, वाजवायला दोन-तीन मिनिटं. तबकडीवर मात्र अलेक्झांडर माल्टर यांनी ती दहा मिनिटांच्या वर ताणलेली आहे. वादन सुंदर आहे. पण मूळ आकार कसा आहे हे तबकडीवरून कळत नाही, आणि ही आमची या तबकडीबद्दलची खरी तक्रार आहे. मूळ आकार असा: पहिल्यांदा तळाचा पांढरी सातचा स्वर दाबून पेडल धरायचं आणि तो घुमत असताना वर दोन हातांनी एकेक स्वर. एका मापात एक, पुढच्यात दोन, मग तीन, असे वाढत जातात आणि मग तसेच कमी होतात. मात्रा लिहिलेल्या नाहीत. पेडल एकाच ठिकाणी सोडायचं आहे, आणि तिथे पॅर्ट यांनी कागदावर एक फूल काढलेलं आहे.

घरी वाजवून बघणाऱ्यांसाठी: ६१ कळांच्या कीबोर्डवर हे जमत नाही, कारण तो पांढरी एकपासून सुरू होतो आणि तळाचा पांढरी सात त्याच्या खाली राहतो. ऑक्टेव्ह उतरवायची कळ दाबली तर तो मिळतो पण वरचे स्वर जातात. ७६ किंवा ८८ कळा आणि पेडल हवं. पेटीवर तर करूच नका. रामभाऊ विजापुरे यांच्या परंपरेने बेळगावात पेटीला मोठा मान मिळवून दिला आहे, पण पेटीचा स्वर भात्यात हवा आहे तोवर एकसारखा राहतो. या रचनेला विझत जाणारा स्वर लागतो. खर्ज तसाच ओरडत राहिला तर वरचे सगळे स्वर झाकले जातात.

पेटीवर आणि गळ्यावर 'कांटुस'चा पलटा मात्र उत्तम चालतो, आणि गायनवर्गांनी तो करून बघावा. पाच विद्यार्थी, आसावरी थाटाचे स्वर, वरपासून मंद्रापर्यंत एकेक सप्तक वाटून घ्यायला जमणार नाही म्हणून तिघे एका सप्तकात, दोघे खालच्या. वरच्याने लांब स्वर दोन मात्रांचा, आखूड एक मात्रेचा घ्यायचा. पुढच्याने चार आणि दोन, मग आठ आणि चार, सोळा आणि आठ, आणि शेवटच्याने बत्तीस आणि सोळा. सां पासून सा पर्यंत पूर्ण पलट्यात ३६ स्वर आणि ५४ मात्रा होतात. वरचा गायक तो संपवतो तेव्हा खर्जातला जेमतेम तिसऱ्या स्वरावर, म्हणजे निषादावर, सहा मात्रा झालेला असतो. मोडतं ते नेहमी चौथ्या माणसाकडे: त्याला ना वरची गती धरता येते, ना खालची स्थिरता, आणि तो आपोआप तिसऱ्याच्या लयीत ओढला जातो. त्याला हातावर मात्रा मोजायला लावा, कानाने नव्हे. लय मिनिटाला १२० मात्रांच्या खाली आणू नका, नाहीतर खर्जातल्याला एकेक स्वर १६ सेकंदांच्या वर धरावा लागेल. दम तुटतोच म्हटल्यावर पेटीची साथ फक्त त्याला द्या, बाकीच्या चौघांना देऊ नका.